काविळीचा बोका, ताप १०४: पित्ताचं कल्चर करू की सरळ अँटिबायोटिक सुरू करू?

तालुक्याचा_व्हेट

नमस्कार मंडळी. ७ वर्षांचा बोका, न्यूटर केलेला, वजन ४.२ किलो (मागच्या लसीकरणाला ५.१ होतं). चार दिवस खाणं बंद, पिवळा फेस ओकतो, कानाची आतली बाजू आणि टाळू पिवळेजर्द. ताप १०४.१ फॅ., पाणी कमी झालेलं, अंदाजे ७ टक्के.

रिपोर्ट: पांढऱ्या पेशी २४,०००, बँड पेशी (कच्च्या पांढऱ्या पेशी) वाढलेल्या. पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ३४. यकृत-पित्ताची एन्झाइमं: एएलटी ४१२, एएलपी १४६, जीजीटी १९, बिलिरुबिन ५.८. अल्ब्युमिन २.७, ग्लोब्युलिन ४.४. पोटॅशियम ३.१. ग्लुकोज ठीक.

सोनोग्राफी: पित्ताशयाची भिंत २.१ मिमी, आत गाळ, खडा नाही. मुख्य पित्तनलिका वळणावळणाची, ४.६ मिमी. स्वादुपिंड किंचित काळपट. पोटात पाणी नाही.

प्रश्न तीन. पित्त सुईने काढणं खरंच गरजेचं आहे का, की अमॉक्सि-क्लॅव्ह सुरू करून वाट बघू? एका ज्येष्ठांचा सल्ला आहे की डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टिरॉइड) आजच द्या, "मांजराच्या लिव्हरला स्टिरॉइड चालतंच". ते बरोबर का? आणि घरमालकीण म्हणते बोका पाली खातो, तर त्याचा काही संबंध?

---

बोकेबुवा

डेक्सा आज अजिबात नको. हा मुद्दा आधी, बाकीचं सावकाश.

पीसीव्ही ३४ म्हणजे रक्तपेशी फुटून झालेली कावीळ नाही. हिमोप्लाझ्मामध्ये (लाल पेशींना चिकटणारा जंतू) तो १५-२० वर उतरलेला दिसतो. अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तर ०.६, पोटात पाणी नाही, वय सात. एफआयपी (मांजरांचा कोरोनाव्हायरसचा आजार) यादीतून काढू नका, पण खाली ढकला. ते गुणोत्तर ०.४ च्या खाली आलं की मग तिकडे बघायचं.

उरतात दोन मोठे संशयित: पित्तनलिकांचा जंतुसंसर्ग, म्हणजे न्यूट्रोफिलिक कोलँजायटिस, आणि हेपॅटिक लिपिडोसिस, म्हणजे यकृतात चरबी साठणं. इथे एएलपी आणि जीजीटी शेजारी ठेवून वाचायचे. मांजरात एएलपीचं अर्धायुष्य जेमतेम सहा तास, कुत्र्यात साधारण तीन दिवस. शिवाय कुत्र्यासारखं स्टिरॉइडमुळे वाढणारं एएलपी मांजरात नसतंच. म्हणून कुत्र्यात १४६ कडे कुणी ढुंकून बघणार नाही, मांजरात मात्र तो आकडा गंभीर. निव्वळ लिपिडोसिसमध्ये एएलपी खूप वर जातो आणि जीजीटी जवळपास जागच्या जागी राहतो. तुमच्याकडे जीजीटीही चढलाय, म्हणजे दुखणं नलिकांमध्ये आहे. ताप आणि बँड पेशी जंतूंकडे बोट दाखवतात. पण चार दिवस उपाशी म्हणजे वरून लिपिडोसिस सुरू झालेला असणार, हे गृहीत धरूनच चला.

जंतू येतात आतड्यातून. बहुतेक मांजरांत पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका ड्युओडेनममध्ये उघडण्याआधी एकत्र होतात. ओकारीच्या वेळी आतला दाब वाढला की आतड्यातला माल दोन्हीकडे उलटा चढू शकतो. त्यामुळे यकृत, स्वादुपिंड आणि आतडं तिन्ही एकदम बिघडलेली मांजरं पुष्कळ. त्यालाच ट्रायाडायटिस म्हणतात. तुमच्या सोनोत स्वादुपिंड काळपट आहेच, एफपीएल (स्वादुपिंडाच्या सुजेची चाचणी) किट असेल तर लावून टाका.

आता डेक्साबद्दल. "मांजराच्या लिव्हरला स्टिरॉइड" हे अर्धसत्य लिम्फोसिटिक कोलँजायटिसमधून (जंतूंविना होणारी नलिकांची जुनाट सूज) आलंय. त्यात मांजर बरेच महिने आजारी असतं, कधी भूक चांगली असूनही वाळत जातं, ताप सहसा नसतो, आणि तिथे प्रेडनिसोलोन खरोखर कामाला येतं. तुमचा बोका चार दिवसांत आडवा झालाय. जिवंत जंतूंवर स्टिरॉइड टाकलं तर दोन दिवस ताप उतरेल, बोका थोडं खाईल, सगळे खूश होतील, आणि मग सेप्सिस, म्हणजे संसर्ग सगळ्या शरीरात. वर पुढच्या कल्चरचा आणि बायोप्सीचा अर्थ लागणंही कठीण होतं.

पित्त काढायचं का? हो, शक्य असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. यकृताच्या तुकड्यापेक्षा पित्तातून जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते. मात्र त्यासाठी दोन दिवस थांबू नका. सोनोवाले आज संध्याकाळी येत असतील तर थांबा, परवा येणार असतील तर औषध आत्ताच सुरू करा. आणि सुई लावायच्या आधी व्हिटॅमिन के. पित्त आतड्यात नीट उतरत नाही तेव्हा के शोषलं जात नाही, रक्त गोठत नाही.

---

सोनोताई

व्हिटॅमिन केवरूनच सुरू करते, कारण आपल्याकडे घोळ तिथेच होतो. मेडिकलवाल्याकडे नुसतं "व्हिटॅमिन के" मागितलंत तर कधी कधी के-३, म्हणजे मेनाडायोन हातात पडतं. ते मांजराला नको. उपयोग नाही आणि लाल पेशी फोडू शकतं. अँप्युलवर फायटोमेनाडायोन किंवा के-१ लिहिलेलं बघूनच घ्या. १ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे तुमच्या बोक्याला १० मिग्रॅ/मिलीच्या अँप्युलमधून ०.४ मिली, कातडीखाली, दर १२ तासांनी तीनदा. शिरेतून कधीच नाही, ॲनाफिलॅक्सिस होतो. पहिल्या डोसनंतर १२ तास मिळाले तर उत्तम.

पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) माणसांच्या लॅबकडे पाठवायचा तर सायट्रेट ट्यूब रेषेपर्यंत अचूक भरा, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. कमी भरलीत तर वेळ खोटी वाढलेली येते. लॅबचा आयएनआर (पीटीचं माणसांसाठी काढलेलं गुणोत्तर) विसरा. सोबत एका निरोगी मांजराचा नमुना पाठवा आणि दोन्ही वेळा ताडून बघा. प्लेटलेट ५०,००० च्या वर हव्यात, आणि मशीनच्या आकड्यावर विसंबू नका. मांजराच्या प्लेटलेट गुठळ्या करतात, मशीन त्या मोजत नाही. स्लाईड बघा.

भूल: ब्युटॉर्फेनॉल ०.२ मिग्रॅ प्रतिकिलो शिरेतून बहुतेक वेळा पुरतं. झायलाझिन नको. ते ओकारी काढतं, आणि पित्ताशयात सुई असताना उबळ येणं म्हणजे संकट.

मांजर पाठीवर किंवा किंचित डाव्या कुशीवर. २२ गेजची दीड इंची सुई किंवा स्पायनल नीडल, तिला एक्स्टेन्शन लाईन, मग थ्री-वे कॉक, मग १० मिलीची सिरिंज. सिरिंज थेट सुईला जोडू नका, ओढताना हात हलतो आणि टोक भिंत फाडतं. उजव्या बाजूने यकृतातून जाणं मला पसंत आहे, सुई निघाल्यावर यकृतच भोक दाबून धरतं. टोक पडद्यावर दिसल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. पित्त दाट असेल तर हळू ओढा, घाईने ओढलं की भिंत सुईवर चिकटते आणि वाटतं पित्ताशय रिकामं झालं.

जमेल तितकं पूर्ण रिकामं करा. अर्धवट भरलेलं ठेवलंत तर आतल्या दाबाने भोकातून गळतं. सुई आत असताना हृदयगती अचानक पडू शकते, व्हेगस मज्जातंतूमुळे. ॲट्रोपिन आधीच भरून ठेवा, ०.०२ ते ०.०४ मिग्रॅ प्रतिकिलो. नंतर अर्ध्या तासाने आणि पुन्हा चार-सहा तासांनी प्रोब लावा. पोटात नवीन पाणी दिसलं तर ते काढून त्याचं बिलिरुबिन मोजा. रक्ताच्या दुपटीहून जास्त आलं तर पित्त सांडलंय, ऑपरेशन.

सुई कुठे लावायची नाही: भिंतीत किंवा आत वायूचे चमकदार ठिपके दिसत असतील, भिंत फाटायच्या बेतात असेल, नलिका पूर्ण तुंबली असेल. तुमची ४.६ मिमी अधलीमधली आहे. ४ पर्यंत ठीक धरतात, ५ च्या पुढे अडथळ्याचा संशय. २४ ते ४८ तासांत पुन्हा मोजा आणि शी बघा. मातीसारखी पांढुरकी झाली तर पित्त उतरतच नाहीये.

---

काचपट्टी

पित्त हातात आल्यावर पुढची दहा मिनिटं महत्त्वाची. पेशी पित्तात झपाट्याने विरघळतात, लॅबला पोचेपर्यंत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ओळखू येत नाहीत. दोन स्लाईड टेबलावरच ओढा, थोडं पित्त सेंट्रिफ्यूज करून गाळाची तिसरी. एकीला जिम्सा किंवा लिशमन, एकीला ग्राम. पित्ताचे सोनेरी-करडे कण जंतूंसारखे दिसतात. खरे जंतू एका आकाराचे, एका मापाचे असतात, कण ओबडधोबड. आणि न्यूट्रोफिल दिसले नाहीत पण जंतू दिसले, तर तोही संसर्गच धरा.

कल्चर एरोबिक आणि अनएरोबिक (हवेत आणि हवेविना वाढणाऱ्या जंतूंचं) दोन्ही मागा. सर्वांत जास्त सापडतो ई. कोलाय, मग एन्टेरोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस. अनएरोबमध्ये क्लॉस्ट्रिडियम आणि बॅक्टेरॉइड्स. लॅब दूर असेल तर लहान मुलांच्या ब्लड कल्चर बाटलीत १ मिली टाका, झाकण स्पिरिटने पुसून. सिरिंजमध्ये हवा ठेवून एसटीने पाठवलेल्या पित्तातून अनएरोब उगवत नाहीत. मग रिपोर्टवर "नो ग्रोथ" येतं आणि आपण समाधानी होतो.

पालींचा संबंध आहे. प्लॅटिनोसोमम नावाचा पित्तनलिकेतला चपटा कृमी उष्ण, दमट प्रदेशांत आढळतो. गोगलगाय, मग लहान संधिपाद (सांधेदार पायांचे) जीव, मग पाल, मग मांजर, अशी त्याची साखळी. नेहमीच्या शीच्या तपासणीत, तरंगवून बघितलं तर अंडी निसटतात. फॉर्मेलिन-ईथर सेडिमेन्टेशन करा आणि पित्ताच्या गाळातही बघा, तपकिरी, टोपीवाली अंडी. नलिका पूर्ण तुंबलेली असेल तर शीत काहीच दिसणार नाही. औषध प्राझिक्वांटेल २० मिग्रॅ प्रतिकिलो, रोज एकदा, ३ ते ५ दिवस. पट्टकृमींसाठीची नेहमीची गोळी साधारण ५ मिग्रॅ प्रतिकिलोच्या हिशेबाची असते. "जंताचं औषध दिलंय" म्हणून हा कृमी मेला असं समजू नका.

---

मनीची_आई

मी डॉक्टर नाही, माफ करा मध्येच विचारते. ताप इतका असेल तर दवाखान्यात नेईपर्यंत लहान मुलांचे क्रोसिनचे थेंब द्यावेत का? आणि काविळीत उसाचा रस, भुईआवळा चालतो का?

---

बोकेबुवा

ताई, पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही, थेंबभरही नाही. ते पचवायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. रक्त चॉकलेटी पडतं, तोंड आणि पंजे सुजतात, मांजर दगावतं. चुकून दिलं असेल तर डॉक्टरांना नाव आणि वेळ सांगा, लपवू नका.

उसाचा रस, भुईआवळा, काविळीची माळ, यांतल्या कशानेही पित्तातला जंतू मरत नाही. तोंडात ओतलेला रस फुफ्फुसात जाण्याचा धोका मात्र खरा. लिव्हर टॉनिकचंही तेच: त्याने उपचार होत नाही, चार दिवस वाया जातात.

---

तालुक्याचा_व्हेट

सर्वांचे आभार. के-१ दिलं, पित्त उद्या सकाळी काढणार. आता सलाईन आणि खाण्याचं सांगा. इथे काविळीला डीएनएस (साखर-मिठाचं सलाईन) लावायची पद्धत आहे. बोका सिरिंजने भरवलं की लाळ गाळतो आणि पळतो.

---

नळीवाला

डीएनएस काढा. ग्लुकोज कमी नसताना साखर दिली की पोटॅशियम आणखी पडतं आणि यकृतातली चरबी हटायला मदत होत नाही. आरएल (रिंगर लॅक्टेट) चालेल. यकृत अगदीच हात टेकण्याच्या बेतात वाटलं तर एनएस (साधं मिठाचं सलाईन).

हिशेब: तूट ७ टक्के म्हणजे सुमारे ३०० मिली, रोजची गरज ५० मिली प्रतिकिलो धरून २१०. एकूण ५१० मिली २४ तासांत, ताशी २१ मिली. ओकारीत जाईल तेवढं वर. पोटॅशियम ३.१ आहे, तर ५०० मिलीच्या बाटलीत केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) ७ मिली (१० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतात, त्या हिशेबाने १४ पडतील). टाकल्यावर बाटली उलटसुलट दहा वेळा हलवा. केसीएल तळाशी बसतं, आणि लटकवलेल्या बाटलीत ते न हलवता टाकलं तर पहिल्या काही मिनिटांतच सगळं बोक्याच्या शिरेत जातं. ही बाटली जोरात सोडायची नाही. वेग ताशी ०.५ मिलीइक्विव्हॅलंट प्रतिकिलोच्या वर जाता कामा नये.

सिरिंजने भरवणं आजच थांबवा. लाळ गाळतोय म्हणजे त्याच्या डोक्यात अन्न आणि मळमळ यांची गाठ बसतेय. ती बसली की बरा झाल्यावरही तो त्या वासाचं काही खात नाही.

नाकातून नळी घाला: ५ फ्रेंचची इन्फंट फीडिंग ट्यूब, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. नाकाच्या टोकापासून सातव्या-आठव्या बरगडीपर्यंत मोजून खूण करा. टोक अन्ननलिकेच्या शेवटी हवं, जठरात नको, नाहीतर आम्ल वर येतं. नाकात लिग्नोकेनचा एक थेंब, दोन मिनिटं थांबा, मान सरळ ठेवून आत आणि खाली सरकवा. सिरिंजने ओढल्यावर पोकळी लागली पाहिजे. हवा येत राहिली तर नळी श्वासनलिकेत आहे. शंका असेल तर एक्स-रे, अंदाज नाही. गळपट्टा घाला, नाहीतर दहा मिनिटांत नळी जमिनीवर. रक्त गोठण्याची खात्री झाली आणि बोका भूल सोसेल इतका सावरला की मानेतून १४ फ्रेंचची घाला, तिच्यातून वाटलेलं नेहमीचं खाणं जातं.

गरज: ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात, ४.२ किलोला सुमारे २०५ किलोकॅलरी. पहिल्या दिवशी एक चतुर्थांश, म्हणजे ५० च्या आसपास, दुसऱ्या दिवशी निम्मं, चौथ्या दिवसापर्यंत पूर्ण. सहा वेळा विभागून, कोमट, एक वेळ १० मिनिटांत. आधी आणि नंतर ५ मिली कोमट पाणी. पूर्ण द्यायची घाई केलीत तर फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढले जातात. फॉस्फरस २ च्या खाली गेला की लाल पेशी फुटतात. तिसऱ्या दिवशी पीसीव्ही अचानक ३४ वरून २२ झाला तर आजार वाढला असं समजण्याआधी फॉस्फरस बघा. प्रथिनं तोडू नका. "यकृत म्हणजे कमी प्रोटीन" हे फक्त मेंदूवर परिणाम झाला असेल तेव्हा.

ओकारीला मारोपिटंट १ मिग्रॅ प्रतिकिलो रोज. फ्रिजमधलं थंड द्या, कमी झोंबतं. वेदनेला ब्युप्रेनॉर्फिन ०.०२ मिग्रॅ प्रतिकिलो, ०.३ मिग्रॅ/मिलीच्या अँप्युलमधून ०.२८ मिली, आठ तासांनी. मांजर पोट दाबल्यावर ओरडलं नाही म्हणून दुखत नाही असं नसतं. मेलॉक्सिकॅम सुकलेल्या मांजराला नको. बी-१२ चे २५० मायक्रोग्रॅम कातडीखाली, आठवड्याला एक, सहा आठवडे.

जंतूवर: अमॉक्सि-क्लॅव्ह इंजेक्शन २० मिग्रॅ प्रतिकिलो, आठ तासांनी. १.२ ग्रॅमची व्हायल २० मिलीत विरघळवली की ६० मिग्रॅ/मिली, म्हणजे १.४ मिली, चार मिनिटांत हळू. विरघळवल्यावर लगेच वापरायचं, ठेवलेलं टाकून द्यायचं. ग्लुकोजच्या बाटलीत मिसळायचं नाही. सोबत कल्चर येईपर्यंत मार्बोफ्लॉक्सासिन, नसेल तर एन्रोफ्लॉक्सासिन ५ मिग्रॅ प्रतिकिलो दिवसातून एकदाच. जनावरांची १० टक्क्यांची बाटली बाजूला ठेवा. ५ टक्क्यांतून ०.४२ मिली, पाचपट एनएसमध्ये पातळ करून २० मिनिटांत.

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड (अर्सो) सोनोताईंनी सांगितलेली दुसरी मोजणी झाल्यावर. तुंबलेल्या नलिकेवर पित्त वाढवणारं औषध म्हणजे बंद नळावर मोटर.

---

तालुक्याचा_व्हेट

सहा दिवसांनी कळवतोय. पित्त ३ मिली निघालं, गाळात दांड्यासारखे जंतू, न्यूट्रोफिल भरपूर, अंडी नाहीत. कल्चर: ई. कोलाय, ॲम्पिसिलिन रेझिस्टंट, अमॉक्सि-क्लॅव्ह सेन्सिटिव्ह, एन्रो "इंटरमीडिएट". नलिका ३.८ मिमीवर आली. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. बिलिरुबिन ३.१, एएलटी अजून ३६०. स्वतःहून दोन चमचे खातोय, पण पिवळेपणा तसाच दिसतो. एन्रोचा डोस वाढवून चालेल का?

---

बोकेबुवा

नाही. मांजरात एन्रो ५ मिग्रॅ प्रतिकिलोच्या वर गेलं की डोळ्याचा पडदा जळतो. बाहुल्या मोठ्या राहतात, मांजर भिंतींना धडकतं, आणि ती नजर बहुतेकदा परत येत नाही. अमॉक्सि-क्लॅव्ह लागू पडतंय, एन्रो आजच बंद करा.

पिवळेपणाने घाबरू नका. बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटतो आणि त्याच्याच गतीने हळूहळू जातो, कातडी आकड्यांच्या मागून येते. एएलटीही सावकाश उतरेल. आत्ता बघायचं ते ताप, भूक, वजन.

नलिका उतरली म्हणजे अर्सो सुरू करा: १५० मिग्रॅच्या गोळीचा तिसरा हिस्सा, रोज, खाण्याबरोबर. घरी पाठवताना अमॉक्सि-क्लॅव्हची मांजरांची ६२.५ मिग्रॅची गोळी, १२ तासांनी एक. माणसांची ६२५ ची गोळी दहा तुकडे करून देऊ नका, एका तुकड्यात किती क्लॅव्ह गेलं कुणालाच कळत नाही. सिरप द्यायचं तर बाटलीवरचं प्रमाण वाचा. २२८.५ वाल्यात क्लॅव्ह सातास एक असतं, गोळीत चारास एक. भिजवलेलं सिरप फ्रिजमध्ये, सात दिवसांनी नवीन बाटली. गोळीमागून ५ मिली पाणी, ही सवय आत्ताच लावून द्या. उद्या कुणी डॉक्सी कोरडी गिळायला दिली तर अन्ननलिका आकसते.

किमान चार आठवडे. दोन आठवड्यांनी बिलिरुबिन, एएलटी आणि जीजीटी, औषध थांबवल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा. तेव्हाही एएलटी चढलेलाच असेल आणि पित्ताचं कल्चर निर्जंतुक आलं, तर यकृताची बायोप्सी. सुईने काढलेल्या पेशींवरून चरबी कळते, कोलँजायटिसचा प्रकार कळत नाही. लिम्फोसाइट निघाले तर तुमच्या ज्येष्ठांचं स्टिरॉइड तेव्हा: प्रेडनिसोलोन १ ते २ मिग्रॅ प्रतिकिलो रोज, सहा-आठ आठवड्यांत उतरवत. गोळीवर प्रेडनिसोलोनच लिहिलेलं हवं, प्रेडनिसोन नव्हे. मांजर ते नीट रूपांतरित करत नाही.

---

नळीवाला

दोन चमच्यांवर नळी काढू नका. गरजेच्या निदान तीन चतुर्थांश तो तीन दिवस सलग स्वतः खाईल, वजन घसरणार नाही, तेव्हा काढा. तोवर नळीचं खाणं रात्री द्या आणि सकाळी ताटली आधी ठेवा, म्हणजे भूक लागलेली असेल. भूक अडखळली तर मिर्टाझापीन ७.५ च्या गोळीचा चौथा भाग, ४८ तासांनी एक. यकृत आजारी असताना ते शरीरात रेंगाळतं. रात्रभर ओरडत फिरायला लागला तर डोस जास्त झालाय, पुढचा गाळा.